निळी चीप

चाकण

चि. मुग्धास,


ताईने तुझ्या उत्तरपत्रिकेचा फोटो पाठवला. 'लोखंडी गज कापणे' यापुढे तू लिहिलंस, 'रासायनिक बदल, कारण तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.' मार्क गेला त्याचं मला काही वाटत नाही. खटकलं ते 'कारण'. ते तू पाठ केलंस, डोळ्यांनी पाहिलं नाहीस. म्हणून सोबत कागदात गुंडाळून एक चीप पाठवतोय. कडा धारदार आहेत, जपून उघड.

काल फर्स्ट शिफ्टला लेथवर स्टीलचा जॉब होता, कूलंट बंद ठेवलं होतं. टूल लागलं की चीप स्प्रिंगसारखी वळत बाहेर पडते. निघते तेव्हा चकचकीत पांढरी, मग बघता बघता पिवळसर, जांभळी आणि शेवटी निळी. गजाची चीप झाली हा भौतिक बदल. आकार गेला, पोलाद पोलादच राहिलं. निळेपण मात्र वेगळं. 300 अंशांच्या आसपास तापलेल्या पोलादाने हवेतला ऑक्सिजन घेतला आणि अंगावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर धरला. थर जाड होत जातो तसा रंग पालटतो. हा थर म्हणजे नवा पदार्थ. बोटभर चीपेत दोन्ही बदल आहेत, फक्त एक टूलने केला आणि दुसरा उष्णतेने.

'पुन्हा होतं का' हा प्रश्न मलाही एकदा नडला होता. शिकाऊ असताना भोसरीच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या मोल्डिंगचे उरलेले तुकडे दळून परत मशीनमध्ये टाकताना मी रोज बघायचो. एक दिवस रबराची कातरणही त्यातच टाकली. ती वितळलीच नाही, सगळा माल खराब झाला. उस्तादांनी समजावलं की तापवताना गंधकाने रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकलेल्या असतात, त्या सुटत नाहीत. तेव्हा मला वाटलं, परत न येणारा बदल तो रासायनिक. मग एकदा मोटारसायकलची बॅटरी चार्जिंगला लावली आणि विचारात पडलो. वापरताना तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं, चार्ज केलं की पुन्हा शिसं आणि लेड डायऑक्साइड. बदल रासायनिक, तरी रोज उलटतो! तेव्हा मुग्धा, आधी हे विचार: नवा पदार्थ तयार झाला का?

पिंपरीत 1954 साली स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स तू बसमधून पाहतेस. पेनिसिलिन तयार करते ती बुरशी, साखर खात खात; तिथे रासायनिक बदल. पुढे पेनिसिलिन वेगळं केल्यावर ते वाळवणं हे भौतिक काम. एकाच औषधाच्या वाटेवर दोन्ही बदल भेटतात.

आता चीपेचे पक्कडीने दोन तुकडे कर, हे काम ताईकडून करून घे. एकाला खोबरेल लाव, दुसरा ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेव. फडकं वाळू देऊ नकोस. रोज रात्री उघडून काय दिसलं ते वहीत लिही. मी गणपतीला येतोय. तोवर फडक्यावर जो तांबूस डाग पडेल, तो ताईला धुऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा