सगळं ल्यूपसच्या खात्यावर मांडू नका

मला ल्यूपस आहे आणि लिव्हर सिरॉसिसही. दोन्ही सांभाळताना जे कळलं, ते ल्यूपसच्या इतर रुग्णांसाठी लिहिते आहे. विशेषतः बायकांसाठी, कारण या आजाराच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायकाच असतात.

१. प्लेटलेट कमी झाल्या की सगळे ल्यूपसकडे बोट दाखवतात. पण सिरॉसिसमध्ये प्लीहा वाढते आणि प्लेटलेट तिथेही अडकून पडतात. पायांच्या सुजेचंही तसंच. नडगीवर अंगठा दाबला की माझ्या पायाला खळगा पडायचा आणि बराच वेळ भरून यायचा नाही. किडनीतून प्रथिनं जात असतील, असं आधी वाटलं. लघवीचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. सूज किडनीची की लिव्हरची, हे डॉक्टरांना थेट विचारा.

२. नुसत्या ल्यूपसमुळे सिरॉसिस होणं दुर्मिळ, म्हणून कारण शोधायलाच हवं. माझ्या बाबतीत ते ऑटोइम्यून हेपॅटायटिस निघालं. एएनए ही रक्ततपासणी ल्यूपस आणि ऑटोइम्यून हेपॅटायटिस या दोन्ही आजारांत पॉझिटिव्ह येऊ शकते. माझं निदान पक्कं झालं ते बायोप्सीनंतर. इतरांमध्ये हेपॅटायटिस बी किंवा सी असेल, स्टिरॉइडने वजन आणि साखर वाढून झालेलं फॅटी लिव्हर असेल, कधी मेथोट्रेक्सेट हे औषध. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होण्याआधी हेपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का, ते फाइल काढून बघा. दबून असलेला विषाणू या औषधांनी उसळतो.

३. लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत राहू नका. सिरॉसिसमध्येही ते नॉर्मल येऊ शकतं. अल्ब्युमिन, आयएनआर आणि फायब्रोस्कॅनबद्दल विचारा.

४. सिरॉसिस म्हटलं की लोकांच्या मनात दारूच येते. मी थेंबही घेतलेला नाही, तरी नातेवाइकांच्या नजरेतला प्रश्न मला दिसतो. त्या नजरेपायी निदान लपवू नका. सांधे दुखतात म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात आणि सिरॉसिसचं सांगितलंच नाही, तर डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक लिहून मिळेल. त्याने रक्तस्राव होऊ शकतो, किडनीही बिघडू शकते.

५. गुळवेलीचा काढा प्रेमाने दिला जातो, पण आपल्यासाठी नको. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. ती इजा ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखीच दिसत होती.

६. लोणचं, पापड, फरसाण बंद, मीठ बेताचं. डाळ, अंडी, पनीर मात्र तोडू नका, स्नायू झिजतात. रात्री झोपण्याआधी थोडं खा. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, कारण सिरॉसिसमध्ये लिव्हरच्या कॅन्सरचा धोका असतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी कधी करायची, तेही विचारून ठेवा.

७. दिवसा झोप, रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, हात थरथरणं ही लक्षणं घरच्यांना आधीच सांगून ठेवा, कारण तेव्हा आपल्याला स्वतःला काहीच कळत नाही. यातलं काही दिसलं, शी डांबरासारखी काळी झाली किंवा रक्ताची उलटी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्यायला सांगा.