शेताचे चित्र कसे वाचावे?

पुष्कळ घरांत व शाळांत भिंतीवर शेताचे एखादे चित्र टांगलेले असते. त्याकडे पाहून "छान आहे" एवढे म्हणून आपण पुढे जातो. परंतु पत्र जसे वाचावे लागते तसे चित्रही वाचावे लागते. आणि शेताचे चित्र वाचण्यास शेतकऱ्याहून अधिक योग्य कोण आहे?

प्रथम जलरंगाची रीत ध्यानात घ्यावी. डिंकात कालविलेला रंग पाण्याने पातळ करून कागदावर लावितात. तो पारदर्शक असल्यामुळे चित्रकार आधी फिके व मागाहून गडद रंग देतो, आणि जेथे पांढरे हवे तेथे कागद कोराच राखितो. ढगाची कड किंवा बैलाच्या पाठीवरील ऊन ही बहुधा अशी राखलेली जागा होय.

दुसरे, प्रकाश पाहावा. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी तेथील कोटितीर्थ तलावाचा परिसर वारंवार रंगविला. जागा तीच, पण प्रहर व ऋतू पालटले की तिचे रूप पालटते. म्हणून विचारावे: ऊन कोणत्या बाजूचे आहे? सावली किती लांब आहे? क्षितिज खाली असेल तर चित्रकाराचे लक्ष आभाळाकडे आहे. वर असेल तर जमिनीकडे.

तिसरे, पीक ओळखावे. समजा, चित्रात काळी रिकामी जमीन असून मधून मधून पिवळ्या फुलांच्या झाडांच्या ओळी उभ्या आहेत. शहरातील मनुष्य त्यास अर्धे ओसाड रान म्हणेल. परंतु वाशीम जिल्ह्यातील आमच्या मालेगावकडचा शेतकरी तत्काळ सांगेल की, सोयाबीन निघाले आहे, तूर फुलावर आहे, आणि दिवस दिवाळीच्या आसपासचे आहेत. जे रिकामे दिसते ते घरी आलेले पीक आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चित्र काय सांगत नाही, हेही विचारावे. हिरव्या रंगावरून शेतधन्याचे कर्ज कळत नाही. नापिकी व कर्ज यांनी शेतकरी आत्महत्या करू लागले, तेव्हा २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली. त्यांत वाशीम होता. त्या वर्षांतही पावसाळ्यात रस्त्यावरून जाणाऱ्यास ही शेते हिरवीच दिसली असतील. यात चित्राचा दोष नाही. डोळ्यांना जेथवर दिसते तेथवरच चित्र नेते. पुढे पाहणाऱ्याने स्वतः चालत जावे लागते.

म्हणून आम्ही असे सुचवितो की, या आठवड्यात मुलांना एक चित्र दाखवून विचारावे: महिना कोणता? ऊन कोठून? काम कोण करीत आहे? आणि मग बांधावर जाऊन शेजाऱ्यास पुसावे, "यंदा कसे काय आहे?" त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.