बदलापूर्वीची प्रत

घराची दुरुस्ती काढली की भिंतीला हातोडा लागण्यापूर्वी माणसे आतील सामान सुरक्षित जागी हलवतात. संगणकाची कार्यप्रणाली बदलताना मात्र ही साधी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. कार्यप्रणाली पुन्हा बसविता येते; परंतु दिवंगत वडिलांचे छायाचित्र किंवा दुकानाचा दहा वर्षांचा हिशेब पुसला गेला, तर तो बाजारात विकत मिळत नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीची सुधारित आवृत्ती वितरित केली. ती बसविल्यावर काही वापरकर्त्यांच्या फाइली नाहीशा झाल्या. कंपनीने वितरण थांबविले आणि दोष दूर करून नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा सुरू केले. वापरकर्ता सावध असला तरी हानी होऊ शकते, हे या घटनेवरून दिसते. म्हणून बदल करण्यापूर्वी माहितीची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, घ्यावा.

ही प्रत कोठे ठेवावी? 'सी' आणि 'डी' असे दोन विभाग दिसले, तरी ते अनेकदा एकाच डिस्कचे भाग असतात. डिस्क बिघडली तर दोन्ही एकदमच जातात. यासाठी एक नियम रूढ आहे : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. बाह्य डिस्कवर प्रत घेतल्यावर ती डिस्क संगणकापासून वेगळी करावी आणि मगच पुढील कामाला हात घालावा. मराठी मजकूर 'कृतिदेव' किंवा 'शिवाजी' यांसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल, तर फाँटचीही प्रत घ्यावी. अन्यथा फाइल उघडेल, पण अक्षरे वाचता येणार नाहीत.

प्रत घेतली म्हणजे काम संपले, असे नाही. १९९८ मध्ये पिक्सार या संस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या बहुतेक फाइली चुकून पुसल्या गेल्या. राखीव प्रती घेण्याची व्यवस्था होती; पण ती नीट चालत नसल्याचे तेव्हाच उघड झाले. संस्थेतील गॅलिन सुसमन घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीमुळे काम वाचले. तात्पर्य, प्रतीतील काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेली प्रत ही केवळ आशा असते.

शब्दार्थ
कार्यप्रणाली – संगणक चालविणारी मूळ व्यवस्था
राखीव प्रत – मूळ माहिती गेल्यास उपयोगी पडणारी प्रत

पाठगत प्रश्न
१. 'डी' विभागातील प्रत पुरेशी सुरक्षित का नाही?
२. पिक्सारच्या अनुभवातून कोणता बोध होतो?
३. तुमच्या घरातील कोणत्या माहितीची एकच प्रत आहे? यादी करा.