खरी जबानी

चि. श्रीधर,

कचेरीतील तपासणीत तुझा रक्तदाब १५०/९६ निघाला आणि ‘मला तर काहीच होत नाही’ असे म्हणून तू तो कागद कपाटात ठेवून दिलास, हे ताईच्या पत्रावरून समजले. तुला काही होत नाही, हे खरेच असेल. परंतु उच्च रक्तदाबाचा हा विकार वेदनेची वर्दी न देता वर्षानुवर्षे धमन्या कठीण करीत राहतो, आणि त्याची पहिली फिर्याद पुष्कळदा हृदयविकाराच्या झटक्यानेच दाखल होते. तुझे आजोबा ५२व्या वर्षी असेच गेले.

माझी हकीकत मी आजवर कोणास सांगितली नाही. चाळिशीत मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. बरे वाटताच ती मी आपल्या मनाने बंद केली, आणि डॉक्टरांनी विचारले तेव्हा ‘नियमित घेतो’ असे बेधडक सांगितले. औषध अपुरे पडते आहे असे समजून त्यांनी मात्रा वाढविली व दुसरी गोळी जोडली. पुढे तुझ्या मुंजीच्या आठवड्यात, धास्तीने, मी दोन्ही गोळ्या इमानाने घेऊ लागलो, आणि ऐन मुंजीच्या सकाळी पाटावरून उठता उठता भोवळ येऊन कोसळलो. तुम्ही सर्वांनी तो जागरणाचा परिणाम मानलात. खरे कारण ती वाढीव मात्रा होती, आणि ती वाढविण्याचा निवाडा माझ्या खोट्या जबानीवर झाला होता. डॉक्टरांकडे त्याचा दोष यत्किंचितही नव्हता.

म्हणून तू डॉक्टरांपुढे बसशील तेव्हा सिगारेटी किती, जागरणे किती, हे न लपविता सांग, आणि आजोबांचे वयही सांग. गोळीने खोकला येतो, पाय सुजतात किंवा खर्च झेपत नाही, तर तेही बोल. दुसरी औषधे असतात, पण न सांगितलेल्या अडचणीवर इलाज कोण करणार? एका मोजणीवर निर्णय होत नाही, तेव्हा घरी पाच मिनिटे स्वस्थ बसून सकाळ-संध्याकाळ दाब मोजावा आणि वही बरोबर न्यावी.

औषधाबरोबर चालणेही हवे; त्याविषयी लंडनचा दाखला देतो. १९५३ साली जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, की दुमजली बसचा जिना दिवसभर चढणाऱ्या वाहकांना बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो. पुढे त्यांनीच गणवेशांच्या मापांचे दप्तर तपासले, तेव्हा चालकांच्या कंबरेचा घेर मुळातच अधिक आढळला; सारे श्रेय जिन्याला देता येईना. स्वतःच्या निष्कर्षाची अशी रुजवात घेणारा संशोधक मला फार पूज्य वाटतो. नंतरच्या पुष्कळ अभ्यासांनी मात्र चालण्याच्याच बाजूने साक्ष दिली आहे. आठवड्यास १५० मिनिटे भरभर चाल. मीठ दिवसाकाठी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभराहून कमी, आणि त्यात पापड-लोणचे व फरसाण धरलेले. सिगारेट अजिबात नको.

येत्या शनिवारी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि ताईलाही बरोबर ने. तिचा दाब कित्येक वर्षांत मोजलेला नाही. दोघांचे आकडे मला कळव.

तुझा मामा