आजीने लिहिलेले पान

वाचता येऊ लागले की माणूस दिसेल ती पाटी वाचतो. एस.टी.ची पाटी, दुकानाची पाटी, खताच्या पोत्यावरची अक्षरे. पण लिहिता येऊ लागले की काय लिहावे? नुसती सही किती दिवस करणार?

आमच्या वर्गातल्या एका आजींनी हेच विचारले. गाव अकोल्याच्या वाटेवरचे. आजींचे वय साठीच्या पुढे. म्हणाल्या, "गुरुजी, मले आता अक्षरं येतात. पण लिहू काय?"

मी म्हटले, "तुमच्या शेजारची मुलगी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकते. ती कशी शिकली, हे तिलाच विचारा. ती सांगेल ते लिहा."

त्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. पंजाबराव देशमुखही अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या शेतकऱ्याचे पोर. जन्म १८९८ चा. शिकत शिकत विलायतेला गेले. पण ते मोठे झाले म्हणून त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ. शेजारच्या पोरीविषयी कोण लिहिणार?

आजी म्हणाल्या, "माह्यासारखीनं लिहावं काय, बाप्पा?"

मग मी त्यांना काशीबाई कानिटकरांची गोष्ट सांगितली. काशीबाईंचा जन्म १८६१ चा. लहानपणी त्यांना कोणी शिकवले नाही. नवव्या वर्षी लग्न झाले. अक्षरे त्या सासरी शिकल्या, तीही बायकांचे टोमणे ऐकत. त्याच काळात आनंदीबाई जोशी शिकण्यासाठी १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेल्या. १८८६ साली डॉक्टर झाल्या. परत आल्या आणि १८८७ साली वारल्या. वय अवघे २१. आनंदीबाईंनी लिहिलेली पत्रे जमवून काशीबाईंनी त्यांचे चरित्र लिहिले. नवऱ्याने शिकवले, हे त्यात आहे. त्याने मारले, हेही आहे. काशीबाईंनी ते झाकले नाही.

आजी त्या शनिवारी वही घेऊन शेजारी गेल्या. मुलगी सुटीत घरी आली होती. आजींनी विचारले, "अभ्यास कसा केला व?" मुलगी म्हणाली, "केला." झाले, संपले!

दुसऱ्या दिवशी मी सांगितले, "असे विचारू नका. वही कुठून आणली, रात्री कुठे बसायचीस, लाईट गेल्यावर काय करायचीस, असे बारीक बारीक विचारा." आजींनी तसे विचारले. मग मुलगी बोलायला लागली ती थांबेना. सुटीत कापूस वेचून वह्या घेतल्या. लाईट गेली की देवळाजवळच्या दिव्याखाली बसायची. आजींचा हात दुखला, पण पान भरले! त्यांना इतका आनंद झाला की रात्री सुनेला उठवून वाचून दाखवले.

पानात एक ओळ आजींनी मनानेच घातली होती : "बापाने हौसेने शिकवले." पान मुलीला वाचून दाखवले तेव्हा ती त्या ओळीपाशी गप्प झाली. मग म्हणाली, "आजी, दहावीनंतर बाबानं माही शाळा बंद केली होती. मी वरीसभर घरी बसली होती. मायनं गळ्यातली पोत गहाण ठेवली, तवा फी भरली."

आजींच्या हातातली पेन्सिल थांबली. ते वर्ष त्यांना आठवत होते. ओट्यावर बसून त्याच बापाला म्हणाल्या होत्या, "पोट्टीले शिकवून काय करतं? उजवून टाक."

त्यांनी मुलीला विचारले, "हे लिहू काय? तुह्या बाबाले राग येईन." बाप आतच होता. तो बाहेर आला. थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "लिहा, काकू. खरंच हाय ते."

आजींनी ती ओळ खोडली. खाली मोठ्या अक्षरांत मायच्या पोतीचे लिहिले. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. तिच्यात दोन चुका होत्या, त्या मी सुधारल्या नाहीत : "तेव्हा मी पन नको मनली होती."

सोमवारी मुलगी अकोल्याला गेली. ते पान घडी करून तिने आपल्या पुस्तकात ठेवले. आता आजी नवी वही मागत आहेत. मुलीच्या मायला त्यांना पुष्कळ विचारायचे आहे.