साथीला बसल्यावर कळलेलं

सिंधुदुर्गातल्या भजनाच्या पेटीपासून माझी सुरुवात झाली आणि पुढे पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात साथीला बसायला मिळालं. आता माझ्याकडे पेटी शिकायला मुलंमुली येतात. सवाईला कधी वाजवायला मिळेल, हा प्रश्न प्रत्येकाच्या डोळ्यांत असतो. त्यांना वेळोवेळी जे सांगत आलो, ते इथे लिहून ठेवतोय.

१. भजनातल्या पेटीला कमी लेखू नका. आमच्याकडे डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसतात. पखवाज आणि झांजा कडाडत असतात आणि रात्र सरेपर्यंत सामना रंगतो. एवढ्या गजरात सूर तुटू न देणं हे डाव्या हाताचं काम. भाता जोरात मारला की सूर फुगतो आणि लगेच बसतो. हवा संपायच्या आधीच हलकेच पुन्हा दाबला, तर सूर सलग राहतो. ऐकणाऱ्याला भात्याचा झटका कळताच कामा नये. माझा भाता भजनात तयार झाला आणि ख्यालाच्या साथीला तोच उपयोगी पडला.

२. सगळ्या पट्ट्या हाताखाली आणा. गावात बोटं एकाच पट्टीत बसलेली असतात. गुरुजींनी माझ्याकडून यमन बाराही पट्ट्यांतून घोटून घेतला. काळी एकला पंचम काळी चारवर येतो, काळी पाचला तोच पांढरी चारवर. पाठ करायला सोपं आहे, पण द्रुत तीनतालात तान सुटली की बोटांना विचार करायला वेळ नसतो.

३. तबल्याच्या एकलवादनाला लेहरा धरायला कुणी बोलावलं, तर आनंदाने जा. एकच आवर्तन तासभर, तेही लय तसूभर न हलवता वाजवायचं. तबलजी कितीही अवघड तिहाई घेवो, सम तुमच्याकडे शाबूत हवी. लयीचा असा रियाज घरी बसून होत नाही.

४. आपल्या वाद्याची मर्यादा मनापासून मान्य करा. पेटीत मींड नाही. समान अंतरांनी लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. आतली स्वरपट्टी (रीड) टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. असं करून तो गंधार जुळवून घेता येतो. पण दरबारीतला आंदोलित कोमल गंधार कुठल्याही पट्टीवर सापडणार नाही. गायक त्या गंधारावर असतात तेव्हा मी बोट उचलतो आणि खालचा षड्ज धरून राहतो. याच मर्यादांवर बोट ठेवून १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी घातली गेली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. बंदी अन्यायाची होती असंच मी मानतो, कारण गोविंदराव टेंबे, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी याच वाद्यातून काय काय काढलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण आक्षेप घेणाऱ्यांचे कान खोटे नव्हते, हेही साथीदाराने ध्यानात ठेवावं.

५. मोठ्या मंचावर जास्त वाजवू नका. हे मला सवाईला कळलं. भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. पूर्वी तो रात्रभर चालायचा. ध्वनीच्या नियमांमुळे आता बहुतेक दिवस दुपारी सुरू होऊन रात्री दहाला थांबतो. उत्तररात्रीचे राग तिथून गेले याची हळहळ वाटते, पण दुपारच्या रागांना हक्काची जागा मिळाली. आमच्या वाट्याला मुलतानी आला. विलंबित एकतालात गायक मंद्र निषादावर येऊन थांबले. समोर सतरंज्यांवर, खुर्च्यांवर बसलेला अख्खा मांडव षड्जाची वाट बघत होता. अशा वेळी पेटीवाल्याचं बोट आधी षड्जावर पडलं, तर गायकाने उभं केलेलं सगळं कोसळतं. मी निषादच बारीक धरून ठेवला. ते षड्जावर आले आणि त्यांच्या मागून पेटी आली. मांडवातून दाद उठली ती त्यांना होती, आणि ती तशीच असायला हवी. इतकी वर्षं ज्यासाठी रियाज केला तो क्षण हाच, असं मला तिथे बसल्या बसल्या वाटलं.

६. मंचावर बसण्याआधी तानपुरे पुन्हा ऐका. ग्रीनरूममध्ये लावलेले सूर सवाईला डिसेंबरच्या मोकळ्या हवेत हलतात.

७. दाद गायकाची असली, तरी नाव तुमचं आहे. कार्यक्रमपत्रिकेत साथीदारांची नावं आहेत का, ते आधी विचारून घ्या. बिदागीचं बोलणंही आधीच करा. गावातल्या उत्सवात असो की मोठ्या महोत्सवात, निवेदकाकडे आपलं आणि तबलजींचं नाव स्वच्छ अक्षरात लिहून द्या. तानपुऱ्यावर बसलेल्या विद्यार्थ्यांची नावं बहुतेक वेळा राहून जातात. तीही त्याच कागदावर लिहा.