तळघरातील खेळ आणि भागीदारीचा धंदा

नाशिकच्या गंगापूर रोडवर महाविद्यालये आहेत, त्यामुळे विद्यार्थ्यांची वर्दळ असते. ती पाहून एखाद्या होतकरू तरुणाच्या मनात येते की, दोघा मित्रांनी गाळा घ्यावा आणि कॉम्प्युटर गेमचे दुकान थाटावे. विचार वाईट नाही. पण घरची पुंजी घालण्यापूर्वी हे खेळच भागीदारीबद्दल काय शिकवतात, ते पाहू.

1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ तयार केला. नाव ऐकून दचकू नये. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ भामटा. खेळाडूने तळघरात उतरायचे, राक्षसांशी लढायचे, माल गोळा करायचा. दर वेळी कॉम्प्युटर तळघराची नवी रचना करतो आणि एकदा मेला की सगळे गेले, पुन्हा शून्यापासून सुरुवात. हाती उरते ते फक्त शहाणपण. या धर्तीचे अनेक खेळ आज दोघे-चौघे मिळून खेळतात.

पहिला धडा : साथीदाराची चूक आपल्याही अंगावर येते. 1985 साली अटारी गेम्सने ‘गाँटलेट’ हे चौघांनी एकत्र खेळायचे यंत्र आणले. त्यात प्रत्येकाची ताकद क्षणाक्षणाला घटते आणि अन्न मिळाले की वाढते. पण घाईने सोडलेला बाण अन्नाला लागला, तर ते नष्ट होते आणि सगळेच उपाशी राहतात. 1932 च्या भागीदारी कायद्याचेही तसेच आहे. संस्थेच्या व्यवहारात एका भागीदाराने केलेल्या कर्जाला दुसराही पूर्णपणे जबाबदार असतो.

दुसरा धडा : वाटणी आधी ठरवा. 2013 साली आलेला ‘रिस्क ऑफ रेन’ हा खेळही अमेरिकेतील दोन विद्यार्थ्यांनीच केला. त्यात पेटीतून निघालेली वस्तू जो उचलेल त्याची. एकानेच सगळे उचलले, तर दुसरा दुबळा राहतो आणि शेवटी दोघेही हरतात. धंद्यात दोघांचे भांडवल कमी-जास्त असले आणि करारात काही लिहिले नसले, तर कायदा नफा-तोटा समान धरतो. ‘मी दुप्पट पैसे घातले होते’ हे मग सांगून उपयोग नाही. म्हणून कोणाचे भांडवल किती, कोणाची मेहनत किती, बाहेर पडायचे तर कसे, हे स्टँप पेपरवर लिहा. संस्थेची निबंधकाकडे नोंदणीही करा. नोंदणी नसेल तर कराराचा हक्क मागण्यासाठी भागीदाराला सहसा दावा लावता येत नाही.

तिसरा धडा : वेळेला किंमत आहे. याच खेळात जितका उशीर, तितके शत्रू बलवान होत जातात. गाळ्याचे भाडे आणि विजेचे बिलही असेच कोणासाठी थांबत नाही. तेव्हा काही महिन्यांचे भाडे बाजूला ठेवूनच दुकान उघडावे.

आता एक इशारा. या खेळांत नशिबाचा भाग असतो, पण पैज नसते. पैसे लावून जिंकण्याचे ऑनलाइन खेळ ही वेगळीच गोष्ट होय. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात असे खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. गिऱ्हाइकाने आग्रह केला, तरी जुगार दुकानात येऊ देऊ नये. तसेच घरगुती वापरासाठी घेतलेला खेळ दुकानात भाड्याने चालवता येईलच असे नाही. त्याच्या अटी वाचाव्यात आणि महापालिका व पोलिसांच्या परवान्यांची आधीच चौकशी करावी.

तळघरात हरलेला खेळाडू बटण दाबून पुन्हा उभा राहतो. आपली बुडालेली पुंजी आणि तुटलेली दोस्ती मात्र बटण दाबून परत येत नाही. म्हणून आधी कागद, मग कुलूप-किल्ली.